डिफरन्स की डिस्टिंक्शन?

शब्दकोश उघडला तर दोन्हींसमोर ‘फरक, भेद’ असेच सापडते. त्यामुळे लिहिताना जो आधी सुचेल तो ठोकून दिला जातो आणि बऱ्याचदा खपूनही जातो. काही ठिकाणी मात्र वाक्याचा अर्थच उलटा होतो.

दहातून सात वजा केले की उरणारे तीन म्हणजे ‘डिफरन्स’. उंची, वय, तापमान, जे जे मोजता येते त्यातली तफावत ही डिफरन्सच. कुणी बघो न बघो, ती असतेच. ‘डिस्टिंक्शन’ कुणीतरी करावे लागते. जाणूनबुजून केलेला खून आणि निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू, दोन्हींत माणूस जिवानिशी गेलेलाच असतो. पण हेतू पाहून कायदा ते दोन वेगळे गुन्हे मानतो. ही डिस्टिंक्शन. तिच्याबरोबर ‘ड्रॉ’ हे क्रियापद वारंवार येते, ते रेघ ओढून दोन बाजू पाडल्यासारखे.

खरी गंमत ‘मेक’ आल्यावर. ‘द लॉ मेक्स नो डिस्टिंक्शन बिटवीन रिच अँड पुअर’ म्हणजे कायदा गरीब-श्रीमंत असा भेद करत नाही. कायद्याची स्तुतीच. त्याऐवजी नुसते ‘द लॉ मेक्स नो डिफरन्स’ लिहिले, तर कायदा असला काय नि नसला काय, काहीच फरक पडत नाही! मराठीत ‘करणे’ आणि ‘पडणे’ आपण आपोआप बरोबर वापरतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘मेक’च, म्हणून सगळा भार नामावर येतो.

निकालपत्रावरची डिस्टिंक्शन वेगळी वाटते, पण तीही इतरांपासून उठून दिसणे याच अर्थातून आलेली. अनेकवचनी ‘डिफरन्सेस’चा अर्थ मात्र पुष्कळदा मतभेद. ‘दे हॅव देअर डिफरन्सेस’ म्हणजे त्यांचे फारसे पटत नाही, एवढेच.

विशेषणांतही हीच कथा. ‘डिस्टिंक्ट’मध्ये सरमिसळ चालत नाही: २, २, ३, ५ या यादीत आकडे चार, पण डिस्टिंक्ट आकडे तीनच. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत ‘सिलेक्ट डिस्टिंक्ट’ लिहिले की पुन्हा पुन्हा आलेल्या ओळी गळतात, त्या याच अर्थाने.

आणि कायद्याच्या वादात समोरच्याचा मुद्दा उडवून लावायला एक ठेवणीतला वाक्प्रचार आहे: ‘अ डिस्टिंक्शन विदाउट अ डिफरन्स’. भेद केलात खरा, पण तसा फरक प्रत्यक्षात आहे कुठे?