रीफ टाकीत किती मासे? पाण्याचा भार वेगळा, माशांची जागा वेगळी

कोल्हापुरात रीफ टाकीकडे, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवायच्या टाकीकडे, वळणारे बहुतेकजण आधी गप्पी, मॉली, गोल्डफिश पाळून झालेले असतात. त्यामुळे तिथलाच हिशेब सोबत येतो: इतक्या लिटरला इतके इंच मासे. त्या हिशेबात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. पाण्याला किती मासे पेलतील, हा एक. माशांना एकमेकांचा शेजार किती सोसेल, हा दुसरा.

आधी पाण्याचं बघू. मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. लाइव्ह रॉकवरचे, म्हणजे टाकीत ठेवलेल्या सच्छिद्र खडकावरचे, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट साठत गेले की काही आठवड्यांत काचेवर शेवाळ धरतं, कोरल तपकिरी पडायला लागतात. इंचांचा हिशेब इथेच फसतो, कारण लांबी दुप्पट झाली की माशाचं वजन साधारण आठपट होतं. दुकानातल्या पिशवीतला 5 सेंटिमीटरचा ब्लू टँग पुढे 30 सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. तरी हा भार आपल्या हातातला आहे: मोठा स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) लावा, खाणं मोजून टाका, पाणी वेळेवर बदला. उलट अगदीच मासे नसणंही बरं नाही, कोरलनाही थोडं नायट्रेट लागतं.

ऑक्सिजनचा हिशेबही याच बाजूला येतो. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश ऑक्सिजन कमी मावतो आणि पाणी तापलं की आणखी कमी. एप्रिल-मेमध्ये दिवसभर टाकी तापलेली असते, संध्याकाळी वळीव येतो आणि वीज जाते. पंप बंद, पाणी स्थिर. अशा वेळी माशांनी गच्च भरलेली टाकी आधी धोक्यात येते. बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आता जागा. रीफवरचे बरेच मासे एखादी कपार आपली मानतात आणि तिच्यासाठी भांडतात. डॅमसेल बोटाएवढा, पाण्यावर त्याचा भार नगण्य. पण तीन फुटी टाकीत तो आधीपासून असला की नव्याला टिकू देत नाही. नवा मासा वरच्या कोपऱ्यात पंपामागे चिकटून राहतो, शेपटीच्या कडा फाटलेल्या, खाणं समोरून वाहून गेलं तरी तोंड उघडत नाही. अमोनियाची टेस्ट करावी तर पाणी स्वच्छ पिवळं, म्हणजे शून्य. पाणी उत्तम आणि मासा मरणाच्या दारात! मालक बिचारा पुन्हा पाणीच बदलत बसतो. लक्षणांचा वेग बघा: भाराचा त्रास बहुधा आठवड्यांनी दिसतो, जागेचा एक-दोन दिवसांत.

म्हणूनच "स्किमर मोठा घ्या, मासे दुप्पट सोडा" हा सल्ला मला पटत नाही. तालमीत झाडलोटीला आणखी एक माणूस ठेवला म्हणून पैलवानांच्या राहायच्या खोल्या वाढत नाहीत. घरच्या रीफ टाकीत बहुतेक वेळा जागाच आधी संपते, पाणी नंतर.

90×45×45 सेंटिमीटरची टाकी घ्या. कागदावर 182 लिटर. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की दीडशेच्या आसपास. अशा टाकीत मी पाचावर थांबेन: क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, वाळूत राहणारा एक गोबी, एक रॉयल ग्रामा. पाचही जण वेगवेगळ्या पट्ट्यात राहतात, म्हणून हा आकडा चालतो. ग्रामा कपारीत, गोबी तळाला, फायरफिश बिळाच्या वर तरंगणारा. याच लिटरमध्ये पाच डॅमसेल सोडले तर आकडा तोच, भारही जवळपास तोच, आणि काही महिन्यांत एखाद-दुसराच उरण्याची भीती.

सोडण्याचा क्रमही दोन्ही हिशेब धरून ठरवायचा. भित्रा फायरफिश आणि गोबी आधी, मग क्लाउनची जोडी, हक्क गाजवणारा ग्रामा शेवटी. दर वेळी तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे जिवाणूंना नवा भार पेलायला वेळ मिळतो. फायरफिश उडी मारतो, टाकीवर जाळी हवीच. आणि ब्लू टँग मनात भरलाच असेल, तर आधी सहा फुटी टाकीसाठी भिंत मोजा.