स्वयं-बिलिंग (ग्रामीण विदर्भ)

स्वयं-बिलिंग : दुकानात घेतलेल्या मालाचे बिल ग्राहकाने स्वतःच करून पैसे भरण्याची पद्धत. शहरी मॉलमध्ये ‘सेल्फ चेकआउट’ हाच शब्द चालतो. ग्राहक वस्तूवरचा बारकोड यंत्रापुढे धरतो, पडद्यावर रक्कम उमटते, मोबाइलने किंवा कार्डाने पैसे दिले की पावती बाहेर येते. विदर्भाच्या खेड्यांत असे यंत्र सहसा दिसत नाही. तरीही बिलाची निम्मी कामे इथे ग्राहकाच्या हातात केव्हाच आली आहेत. न आलेले मोठे काम म्हणजे उधारी, आणि तिला वगळून इथल्या दुकानाविषयी काही लिहिता येत नाही.

माल ग्राहकाने स्वतः उचलायचा, ही कल्पना आधीची. क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे ‘पिगली विगली’ हे दुकान त्या पद्धतीने सुरू केले. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावात च्युइंग गमच्या पुड्यावरचा बारकोड वाचला गेला आणि दुकानातील बारकोडचे युग सुरू झाले. १९८६ मध्ये अटलांटाजवळच्या क्रोगर दुकानात ‘चेकरोबोट’ हे स्वयं-बिलिंगचे यंत्र बसवले गेले. तिथे ग्राहक माल स्कॅन करी, पण पैसे द्यायला शेवटी रोखपालाकडेच जाई. ब्रिटनमधील बूथ्स या दुकानसाखळीने २०२३ मध्ये आपल्या बहुतेक दुकानांतून अशी यंत्रे काढून टाकली.

यंत्राचा सगळा जोर संशयावर असतो. पिशवी ठेवण्याच्या जागेखाली काटा बसवलेला असतो. स्कॅन केलेल्या वस्तूचे नोंदलेले वजन आणि काट्यावर पडलेले वजन जुळले नाही, की यंत्र अडते आणि कर्मचाऱ्याला बोलावते. गावच्या किराण्यात हेच उलटे असते : ग्राहक दुकानदाराच्या काट्याकडे डोळे लावून उभा असतो.

यंत्र गावात न येण्याचे कारण गरिबी किंवा अडाणीपणा असे सांगितले जाते. ते पुरेसे नाही. खेड्यातले गिऱ्हाईक वजन सांगत नाही, पैसे सांगते. ‘दहाची साखर दे’, ‘पाचची चायपत्ती’, ‘वीसचं तेल’, आणि तेलासाठी घरून आणलेली शिशी काउंटरवर ठेवते. दहा रुपयांत किती साखर बसते हे दुकानदार मनात काढतो आणि तेवढी पुडीत बांधतो. यंत्राचा हिशेब नगावरून किंवा वजनावरून रुपयांकडे जातो, इथला रुपयांवरून वजनाकडे. पाकीटबंद मालावर बारकोड असतो हे खरे. भारतीय संस्थेकडे नोंदवलेला असेल तर त्याचे पहिले तीन आकडे ८९० असतात. पण पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचा भाव आठ वर्षांच्या पोट्ट्यालाही पाठ असतो, तो यंत्रापुढे कशाला धरायचा? तालुक्याच्या गावी आता ‘मार्ट’ निघाले आहेत. तिथे माल आपण निवडतो, पण बिल काउंटरवरची मुलगीच करते.

बदल आला तो मोबाइलमधून. युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस, म्हणजे यूपीआय, ११ एप्रिल २०१६ रोजी जाहीर झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला, ऐन कापसाच्या हंगामात, नोटबंदी आली. पुढे पानठेल्यापासून चक्कीपर्यंत क्यूआर कोडचे कागद लागले. बोलताना कोणी यूपीआय म्हणत नाही. ॲप कोणतेही असो, ‘फोनपे मारला’ असेच म्हणतात. कोड स्कॅन करणे, रक्कम टाकणे, पिन देणे ही तिन्ही कामे ग्राहकाची. दुकानदार फक्त कान देऊन बसतो. स्कॅनिंगचा हा भाग तेवढा खरोखर ‘स्वयं’ झालेला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात प्रस्तुत लेखकाने पाहिलेले दुकान सांगण्याजोगे आहे. क्यूआरचा कागद उन्हाने पिवळा पडलेला, वर चिकटपट्टीचे दोन थर, शेजारी उदबत्तीचे घर. तेल आणि कांदे घेतलेल्या पोराने चाळीस रुपये टाकले आणि फोन हातात धरून तो उभा राहिला. ‘आले का नाई पाय बरं,’ दुकानदार म्हणाला. ‘थांब नं भाऊ, गोल गोल फिरून रायलं.’ रेंज दुकानात नव्हती, रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली होती. पोरगा तिकडे गेला, थैली काउंटरवरच राहिली. दोनेक मिनिटांनी गल्ल्याजवळचा डबा, म्हणजे पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स, मराठीत बोलला, चाळीस रुपये मिळाल्याचे. दुकानदाराने थैली उचलून दाराशी आणून ठेवली. बोलक्या डब्याला स्वतःचे सिम असते, त्यामुळे पडद्यावरचा जुना किंवा बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेणे अवघड होते. साध्या फोनवरून पैसे देण्यासाठी मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ निघाले, पण चाळीस रुपयांसाठी फोनवर आकडे दाबत बसण्यापेक्षा पदराच्या गाठीतली नोट सोडणे बायांना सोपे वाटते.

चिल्लरीचा जुना तंटा मात्र मोबाइलने खरोखर सोडवला. दोन रुपयांच्या बदल्यात चाकलेट घेण्याची सक्ती कमी झाली, आणि यात ग्राहकाचा निव्वळ फायदा आहे. पन्नास पैशांचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. युरियाच्या ४५ किलोच्या थैलीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात. नगदीत ते आठ आणे परत मागणारा शेतकरी विरळा.

यंत्राशी गावाची खरी ओळख झाली ती अंगठ्यामुळे. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, आणि २०१८ पर्यंत देशभर लागू झालेल्या पद्धतीप्रमाणे अनुदानित खत घेतानाही. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा योजनेतील धान्य मोफत आहे. तिथे पैसे द्यायचे नसतात, तरी बिल होते : आपण आपणच आहोत हे ग्राहकाने सिद्ध करायचे. निंदण, वेचणी, विटा उचलणे यांनी रेषा झिजलेल्या हाताला यंत्र अनेकदा ओळखत नाही. मग बोट पुसून पुन्हा, दुसरे बोट, घरातला दुसरा माणूस. मॉलमधल्या यंत्रापाशी अडलेल्या ग्राहकाला निदान मदतनीस मिळतो.

उधारी. स्वयं-बिलिंगमध्ये घेणे आणि देणे एकाच ठिकाणी, एकाच क्षणी संपते असे गृहीत धरलेले असते. पश्चिम विदर्भात, म्हणजे वऱ्हाडात, ते अंतर काही महिन्यांचे असते. मृग लागला की पेरणीला पैसा जातो, पोळ्याला किराणा लागतोच, आणि कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते. तोवर वाक्य एकच : ‘माझ्या नावावर मांड.’ बिल चुकते होते ते चुकारा आल्यावर. विकलेल्या मालाचे शेतकऱ्याला मिळणारे पैसे म्हणजे चुकारा, आणि तो लांबण्याची खोड जुनी आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत तो हप्त्याहप्त्याने मिळे. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, हेच वेळापत्रक धानावर चालते. शेतकऱ्याचा चुकारा अडला की किराणा दुकानदाराचाही अडतो, आणि तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याचाही.

ही उधारी वहीत असते. नाव बहुधा पूर्ण नसते : बापाचे नाव, नाहीतर ‘विहिरीजवळचा’. भाव फारसा वाढवलेला नसतो, पण घासाघीस करण्याची मुभा उधारीवाल्याला नसते. ही किंमत बिलात दिसत नाही. मोबाइलवरची खातेवही आता आली आहे. ती थकबाकीचा मेसेज पाठवते, आणि तोच काही दुकानदारांना नको असतो, कारण फोन लेकाकडे असतो आणि मेसेज घरभर वाचला जातो. मागणी करायची त्यांची रीत वेगळी आहे. गिऱ्हाईक दाराशी आले की ते पैशाचे नाव काढत नाहीत, एवढेच विचारतात, ‘काय भाऊ, कापूस निघाला का?’