आतून तपासणी ते समोरासमोर बोलणं: तरुण स्त्रियांच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेची पार्श्वभूमी

काही दुखत-खुपत नसताना डॉक्टरांकडे कशाला जायचं, असं विशीतल्या मुलीला वाटलं तर ते चुकीचं म्हणता येत नाही. तरीही अनेक देशांत तरुण स्त्रियांसाठी ठरावीक काळाने तपासणी आणि राहणीमानाबद्दल सल्ला अशी वेगळी सोय असते. ती कुणी आधी आराखडा काढून उभी केलेली नाही. कर्करोगाची एक चाचणी आणि संततिनियमनाची एक गोळी यांची गाठ पडली आणि त्यातून ती घडत गेली.

निरोगी माणसालाही तपासावं, हा विचार त्याआधीचा. इंग्लंडमधले डॉक्टर होरेस डोबेल यांनी १८६१ मध्ये तो मांडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांनी तो उचलून धरला, कारण विमेदार जितका जास्त जगेल तितका कंपनीचा फायदा. स्त्रियांचा वेगळा विचार त्यात फारसा नव्हता.

स्त्रियांच्या तपासणीचा धागा सुरू होतो तो गिनीपिगपासून. ग्रीसमधून न्यूयॉर्कला आलेले जॉर्ज पापानिकोलाऊ या प्राण्याच्या प्रजननचक्राचा अभ्यास करत होते. चक्र कुठवर आलंय हे कळण्यासाठी त्यांनी नाक तपासायचं छोटं उपकरण वापरून योनीतल्या पेशी काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हा अभ्यास १९१७ मध्ये छापून आला. पुढे हीच रीत त्यांनी स्त्रियांसाठी वापरली. पत्नी आंद्रोमाकी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले. या पेशींमध्ये कर्करोगाच्याही पेशी दिसतात हे त्यांनी १९२८ मध्ये सांगितलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळलं होतं. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा पापानिकोलाऊंचा लेख १९४१ मध्ये आला आणि चित्र बदललं. पुढे रीत बसली ती अशी: गर्भाशयमुखावरून चपट्या लाकडी काडीने पेशी खरवडायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, लगेच अल्कोहोलमध्ये बुडवून रंग द्यायचा, इतकं ते साधं. पापानिकोलाऊंच्या नावावरून हीच पॅप चाचणी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९४९ मध्ये याचा संघटित कार्यक्रम सुरू केला.

मग १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नसे आणि चिठ्ठी हवी तर आधी आतून (योनीमार्गातून) तपासणी व पॅप चाचणी, असा शिरस्ता कित्येक दवाखान्यांत पडला. ठणठणीत तरुणी दरवर्षी डॉक्टरांकडे येऊ लागली ती अशी. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत विचित्र गोष्ट हीच. गोळी कुणाला देऊ नये हे ठरतं रक्तदाबावरून, धूम्रपानावरून, अर्धशिशीच्या प्रकारावरून, आधी कधी रक्ताची गुठळी झाली होती का यावरून. म्हणजे एकदा रक्तदाबाचा पट्टा बांधायचा आणि चार प्रश्न विचारायचे. आतून तपासण्याचा त्या निर्णयाशी फारसा संबंध नव्हता. ती टोलनाक्यासारखी रस्त्यात उभी होती, आणि तिच्या धाकाने ज्या मुली दवाखान्यात फिरकल्याच नाहीत त्यांची मोजदाद कोण ठेवणार?

बोलण्याची मागणी आली ती स्त्रियांकडूनच. १९६९ मध्ये बोस्टनमध्ये काही जणी एकत्र जमून आपल्या शरीराची माहिती स्वतःच गोळा करू लागल्या. १९७० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये गोळीच्या दुष्परिणामांवर सुनावणी झाली, तेव्हा गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीला साक्षीला बोलावलं नाही म्हणून प्रेक्षकांतूनच आरडाओरडा झाला. त्यानंतर गोळीसोबत धोक्यांची माहिती देणारं पत्रक सक्तीचं झालं.

बोलण्याने काही फरक पडतो का, याचा पुरावा हळूहळू जमला. मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दवाखान्यांत केलेला अभ्यास १९७९ मध्ये आला. डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं धूम्रपान सोडायला सांगितलं, हाती पत्रक दिलं आणि पुन्हा विचारणार असं बजावलं, तर वर्षानंतरही ५.१ टक्के लोक सुटलेले होते. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होतं. आकडा लहान वाटतो, पण खर्च दोन मिनिटांचा आहे. १९८३ मध्ये विल्यम मिलर यांनी दामटून सांगण्यापेक्षा समोरच्याच्या तोंडून त्याची कारणं काढून घेणारी समुपदेशनाची पद्धत मांडली. १९९१ मध्ये फॉलिक अॅसिड या जीवनसत्त्वाचा मोठा प्रयोग पूर्ण झाला. मज्जारज्जूचा दोष असलेलं बाळ आधी झालेल्या स्त्रियांमध्ये तो दोष पुन्हा होण्याचा धोका फॉलिक अॅसिडने ७२ टक्क्यांनी घटला. गर्भाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती नळी) चौथ्या आठवड्यातच बंद होते. तोवर पाळी चुकल्याचंही धड लक्षात आलेलं नसतं. त्यामुळे हा सल्ला दिवस राहण्याआधीच द्यावा लागतो.

इकडे तपासणीचा पसारा आवरत चालला होता. कॅनडाच्या तज्ज्ञगटाने १९७९ मध्येच सरसकट वार्षिक तपासणी सोडून वय आणि धोका पाहून ठरवा असं सुचवलं. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ स्त्रियांवरच्या प्रयोगाचा अंतिम निकाल २००२ मध्ये आला: स्वतःचे स्तन तपासायला शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींसाठी बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) मात्र वाढल्या. हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असल्याचं दाखवलं (२००८ चं नोबेल), २००६ मध्ये लस आली. कोवळ्या वयात हा संसर्ग बहुधा आपोआप जातो आणि उगाच केलेल्या उपचारांनी पुढे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढू शकतो, हेही कळलं. म्हणून अमेरिकेत २००९ पासून २१ वर्षांच्या आत पॅप चाचणी नको आणि २०१२ पासून २१ ते २९ मध्ये तीन वर्षांतून एकदाच पुरे, अशी शिफारस झाली. लक्षणं नसलेल्या, गरोदर नसलेल्या स्त्रीची आतून तपासणी नेमाने करू नये, असं तिथल्या अंतर्रोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्टच सांगितलं.

उरलं ते मुख्यतः बोलणं: लसी, तंबाखू, दारू, झोप, नैराश्य, मूल हवं की नको आणि कधी. २०१३ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेबद्दलही प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांना विचारावं असं सांगितलं. रक्तदाब कुणाहीसमोर मोजता येतो. हा प्रश्न विचारायचा तर सोबत आलेल्यांना आधी बाहेर बसवावं लागतं, आणि तेवढा वेळ भेटीत धरलेला असावा लागतो.