किफायतशीर धारणक्षेत्राचा वाद (बडोदे)

एका शेतकरी कुटुंबाला परवडेल एवढी किमान जमीन म्हणजे किफायतशीर धारणक्षेत्र, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकांत सापडते. ‘परवडेल’ हे कशावरून ठरवायचे, कुटुंबाच्या पोटावरून की शेतीत गुंतलेल्या साधनांवरून, हा मात्र जुना वाद आहे. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा बडोदे संस्थानाशी जोडलेला आहे.

शेतकरी गरीब का, याची उत्तरे बडोद्यात आधीही दिली गेली होती. 1874 मध्ये मल्हारराव गायकवाडांचे दिवाण झालेले दादाभाई नौरोजी देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीकडे बोट दाखवत. अर्थतज्ज्ञ रमेशचंद्र दत्तांचा रोख जमीन महसुलावर होता. रयतवारी (सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेते त्या) मुलखातल्या जबर साऱ्यामुळे दुष्काळ अधिक जीवघेणे होतात, हे त्यांनी 1900 मध्ये व्हाइसरॉय कर्झनला जाहीर पत्रांतून सुनावले. पुढे 1904 मध्ये सयाजीरावांनी त्यांच्याकडेच संस्थानाचा महसूल सोपवला. टीकाकाराच्या हाती दप्तर देण्याची ही रीत मोठी धाडसाची म्हणावी लागेल. ‘छप्पनिया’ (संवत 1956, म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळाचा घाव तेव्हा ताजा होता. 1891 ते 1901 या दहा वर्षांत संस्थानाची लोकसंख्या सुमारे 24 लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली होती.

त्यानंतर चर्चेत आले तुकडे. वारसांत वाटण्या होत होत शेते लहान झाली, शिवारभर विखुरली आणि म्हणून शेती तोट्यात गेली, असे निदान सर्वमान्य होऊ लागले. मुंबई इलाख्यात शेतीखात्याचे अधिकारी कीटिंग यांनी, तर पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी करून शेतीतज्ज्ञ हॅरल्ड मान यांनी ते मांडले. लहान व विखुरलेल्या जमिनींचे एकत्रीकरण कसे करावे, हे ठरवण्यासाठी बडोदे संस्थानाने नेमलेल्या समितीचा अहवाल 1917 चा आहे.

त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले भीमराव आंबेडकर संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी उतारगृहातूनही त्यांना बाहेर पडावे लागले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदे सोडले. सयाजीबागेतली (जुन्या बडोदेकरांची कमाटीबाग) ‘संकल्पभूमी’ हे स्मारक त्या प्रसंगाचे आहे. अर्थशास्त्राच्या चर्चेत हा प्रसंग सहसा येत नाही. पण मजूर एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जातो, हे पुस्तकी गृहीतक या देशात कितपत टिकते, याचा याहून थेट दाखला शोधावा लागणार नाही.

1918 मध्ये त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. त्यात कीटिंग, मान, अलाहाबादचे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स आणि बडोदे समिती अशा सगळ्यांच्या म्हणण्याची उलटतपासणी आहे. विखुरलेली शेते एकत्र आणणे आणि लहान शेते मोठी करणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांनी आधी स्पष्ट केले. मग मूळ व्याख्येलाच हात घातला. कुटुंब सुखाने जगेल तेवढी जमीन ‘किफायतशीर’ म्हणणे ही खाणाऱ्याच्या बाजूने केलेली मोजणी झाली. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे, तेव्हा जमिनीला बैल, अवजारे, भांडवल आणि मजुरी यांची जोड कोणत्या प्रमाणात आहे, ते पाहायला हवे. या हिशेबाने शेतकऱ्याकडची साधने इतकी तुटपुंजी की त्याची जमीन लहान नसून उलट मोठीच ठरते. रोग शेताच्या आकारात नाही. शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, तो उद्योगधंद्यांनी उचलला तर जमिनीचे प्रश्न मागोमाग सुटतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. समितीला हे फारसे सोयीचे नव्हते. नकाशावर बांध हलवणे कारखाने उभारण्यापेक्षा सोपे असते.

शेतीतल्या अतिरिक्त श्रमाचा हा मुद्दा 1954 मध्ये अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुइस यांच्या मांडणीमुळे विकासाच्या अर्थशास्त्राच्या मध्यभागी आला. नवअभिजात (बाजार आणि किमतींच्या हिशेबावर भर देणाऱ्या) संप्रदायाच्या थिओडोर शुल्ट्झ यांना तो मान्य नव्हता. हात खरोखर रिकामे असते, तर 1918-19 च्या इन्फ्लुएन्झात माणसे मेल्यावर भारतातला पेरा घटला नसता, असा त्यांचा युक्तिवाद. अमर्त्य सेन यांनी त्याला उत्तर दिले. लहान शेतांत एकरी उत्पादन जास्त दिसते, या पाहण्यांतल्या निष्कर्षाचा अर्थही सेन यांनी 1962 मध्ये मजुरी न घेता राबणाऱ्या घरच्या श्रमाच्या आधारे लावला होता. गंमत अशी की लुइस आणि शुल्ट्झ यांना 1979 चे नोबेल विभागून मिळाले.

कायद्याने मात्र समितीचीच वाट धरली. जमिनीचे ठरावीक आकाराहून लहान तुकडे पाडण्यास मनाई करणारा मुंबई राज्याचा तुकडेबंदी व एकत्रीकरण कायदा 1947 चा. राज्य विभागल्यावर तो महाराष्ट्राकडे आला तसाच गुजरातकडेही गेला. त्यामुळे वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबाला गावाकडच्या एकर-गुंठ्यांची वाटणी करायची असो की इथल्या विघ्यांची, तुकड्याचा प्रश्न दोन्हीकडे आडवा येतो.