४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का?

१६४० साली पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने पत्रांतून एक अंदाज कळवला. २ घ्या, त्याचा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा, असे करत जा आणि प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशा संख्या मिळतात. या पाचही मूळ आहेत. पुढच्याही साऱ्या मूळच निघतील, असे फर्माला वाटत होते. पण सहावी आहे २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून ऑयलर या तरुण गणितज्ञाला याबद्दल विचारले. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता. १७३२ मध्ये त्याने दाखवून दिले की ही संख्या म्हणजे ६४१ × ६७,००,४१७.

ही संख्या मूळ आहे का हे सरळ भागाकाराने तपासायचे, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. पण ऑयलरने पुढे सिद्ध केले की हिचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. पाचव्या भागाकारालाच काम संपते! मला जास्त आश्चर्य फर्माचे वाटते. या सिद्धतेसाठी लागणारे मुख्य हत्यार, म्हणजे आज त्याच्याच नावाने ओळखला जाणारा 'छोटा सिद्धांत', त्याने १६४० मध्येच कळवला होता.

६४१ ने भाग जातो हे मोठा भागाकार न मांडताही पटवता येते. ६४१ म्हणजे ६२५ + १६, आणि ६४१ म्हणजेच ५ × १२८ + १. आता २ चा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८ वा घात. इथे १६ च्या जागी ६४१ − ६२५ लिहा. ६४१ ची पट बाजूला काढली की आपल्या संख्येतून उरते १ वजा (६२५ गुणिले २ चा २८ वा घात). ६२५ हा ५ चा चौथा घात आणि २ चा २८ वा घात हा १२८ चा चौथा घात, म्हणून कंसातला गुणाकार ६४० चा चौथा घात झाला. क च्या चौथ्या घातातून १ वजा केला, की उत्तराला क + १ ने भाग जातोच, हे शाळेतले बीजगणित. इथे क + १ म्हणजे ६४१.

या संख्येतून २ वजा करून पाहा. ४,२९,४९,६७,२९५ हा नेमका ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ असा गुणाकार आहे. म्हणून आधीच्या पाचांपैकी कशानेही आपल्या संख्येला भागले तरी बाकी २ उरते. आणि गाउस या जर्मन गणितज्ञाच्या शोधामुळे या गुणाकाराला भूमितीतही जागा मिळाली: तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती नुसत्या पट्टी-कंपासने काढणे तत्त्वतः शक्य आहे. बाजूंची संख्या विषम असलेली, याहून अधिक बाजूंची अशी आकृती आजवर कोणाला सापडलेली नाही.