दोन पीस की चार पीस? लेदर बॉल घेताना

तालुक्याच्या दुकानात क्रिकेटचे दोन लेदर बॉल शेजारी ठेवले की फरक दिसत नाही. दोन्ही लाल, दोन्हींवर सोनेरी छाप, दोन्हींवर १५६ ग्रॅम. भावात मात्र चांगलीच तफावत. वर्गणी काढून गेलेली पोट्टी साहजिकच स्वस्तातला उचलतात.

वजनावरून काहीच कळत नाही. पुरुषांच्या सामन्यासाठी नियमच १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. (मुलींचा संघ असेल तर महिलांचा बॉल वेगळा मागा, १४० ते १५१ ग्रॅमचा.) 'क्लब', 'टेस्ट' ही नावंही कंपनीनं आपापल्या मर्जीनं दिलेली. पाहायचं ते चामडं. मुख्य शिवणीच्या एका बाजूचा अर्धा भाग अखंड असेल तर बॉल दोन पीसचा, म्हणजे स्वस्तातला. त्यावरून आतून शिवलेली बारीक रेघ जात असेल तर चार पीसचा. नखानं चाचपलं तरी कळतं.

दोन पीसमध्ये चामड्याचा एकच तुकडा ताणून वाटीसारखा करतात. मार बसत गेला की ते सैल पडतं, बॉल एका अंगानं दबतो आणि शिवण सरळ राहत नाही. चार पीसमध्ये तुकडे लहान, ताण कमी, त्यामुळे आकार जास्त टिकतो. आमच्याकडच्या मुरमाड मैदानावर दोन्हींची कातडी सोलते, तिथं महागडा बॉलही वाचत नाही.

आतला गाभा बाहेरून दिसत नाही, म्हणून दुकानदाराला विचाराच. चांगल्या बॉलमध्ये बुचावर लोकरीचा धागा घट्ट गुंडाळलेला असतो, स्वस्तात बूच आणि रबराचा साच्यातला गोळा. सिमेंटवर मॅटिंग टाकून खेळत असाल तर बॉल आधीच उसळतो. त्यात असा टणक गोळा म्हणजे नवख्या बॅट्समनच्या बरगड्यांची परीक्षा.

सराव दोन पीसवर आणि मॅच चार पीसवर, असं सगळीकडे चालतं. बॅटिंगच्या सरावाला ते ठीक, पण बॉलरच्या बाबतीत मला ते पटत नाही. भारताकडून खेळलेला फास्ट बॉलर, नागपूरजवळच्या खापरखेड्याकडचा उमेश यादव टेनिस बॉलवर खेळून पुढे लेदरकडे आला आणि २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला. आपल्या गावातला फास्ट बॉलरही बहुधा टेनिस बॉलवरूनच येतो. त्या बॉलला उभी शिवण नसते, त्यामुळे सीमवर, म्हणजे शिवणीवर, बोटं ठेवायची आणि मनगट सरळ सोडायचं हे त्याला पहिल्यापासून शिकावं लागतं. दबलेल्या बॉलवर चूक मनगटाची की बॉलची, हे त्याला कळणार कसं? पैसे एकाच चार पीसचे असतील तर तो नेटमध्ये त्याच्या हातात द्या.