सरावासाठी पहिलं कुलूप कोणतं घ्याल?
(पिकने, म्हणजे बारीक टोकाच्या सळईने, किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले फिटर, कॉलेजची मुलं, नुकतेच निवृत्त झालेले काका, असे सगळेच हल्ली आमच्याकडे या छंदाची चौकशी करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "घरात जुनं कुलूप पडलंय, त्यावरच हात बसवला तर?"

बसवा, पण आधी ते उलटंपालटं करून बघा. आपल्याकडच्या पुष्कळ कुलपांवर '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं कोरलेलं असतं. अशा कुलपात पिना नसतात, पातळ पट्ट्या असतात. किल्ली प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलते, तेव्हाच आतला खटका सरकतो. बाजारात मिळणारा पिकचा साधा सेट पिनांच्या कुलपासाठी केलेला असतो. तो घेऊन लिव्हरच्या कुलपाशी कितीही झटलात तरी हाती काही लागणार नाही, आणि दोष मात्र स्वतःच्या हाताला द्याल. लिव्हर कुलपाची हत्यारं निराळी. ती वाट नंतरची.

म्हणून पहिलं कुलूप पिनांचंच घ्या. चपट्या किल्लीचं हे कुलूप अमेरिकेत लायनस येल याने 1860 च्या दशकात रूढ केलं. बांधणी आजही तीच आहे. किल्ली जिथे जाते तो पितळी गोल भाग म्हणजे प्लग. त्याच्या वरून पाडलेल्या प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना असतात आणि त्यांच्यावर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की दोन पिनांमधला सांधा नेमका प्लगच्या कडेला येतो आणि प्लग फिरतो.

किल्लीशिवाय ते उघडतं कसं? भोकं कितीही काळजीपूर्वक पाडली तरी रेषेत केसभर फरक राहतोच. त्यामुळे टेन्शन रेंचने (किल्लीच्या फटीत अडकवून प्लग फिरवायची वाकडी पट्टी) प्लगवर हलका दाब दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एखादीच आधी अडकते. पिकच्या टोकाने चाचपलं तर बाकीच्या पिना स्प्रिंगवर लवलवतात आणि ही तेवढी ताठ लागते. ती हळूच वर ढकलली की बोटांना बारीक 'टक' जाणवतं आणि प्लग जेमतेम सरकतो. मग पुढची ताठ पिन शोधायची. लेथवर काम केलेल्यांना हे पटकन उमगतं, कारण सगळी मदार 'प्ले'वर, म्हणजे भागांमधल्या केसभर मोकळ्या जागेवर आहे.

इथेच पारदर्शक कुलपाची गोष्ट येते. ऑनलाइन सेटबरोबर ते फुकट मिळतं, आतलं सगळं दिसतं, म्हणून लोकांना फार आवडतं. रचना समजून घ्यायला ते उत्तम, त्यापुढे आम्ही त्याची शिफारस करत नाही. प्लास्टिकमध्ये प्ले इतका असतो की पिना कशाही बसतात. शिवाय डोळे बघत राहतात आणि बोटं काही शिकत नाहीत. आत बघायचंच असेल तर बाजूने खिडकी कापलेलं पितळी कुलूप घ्या. समजलं की खिडकीवर चिकटपट्टी लावून टाका.

कुलूप निवडताना खोक्यावरचा मजकूर वाचू नका, किल्ली वाचा. किल्लीवरच्या खाचा मोजा. जितक्या खाचा तितक्या पिना. तीन किंवा चार असल्या की सुरुवातीला पुरे. खाचांची उंची साधारण सारखी असेल तर कुलूप सोपं. एक खाच खोल आणि तिच्या शेजारची एकदम उथळ असेल, तर पुढच्या पिनेला धक्का न लावता मागच्या पिनेपर्यंत पिक न्यावा लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. किल्लीची फटही समोरून बघा. सरळ आणि रुंद असेल तर पिक मोकळा फिरतो, नागमोडी असेल तर भिंतींना घासतो आणि पिन कुठली, भिंत कुठली तेच कळत नाही.

आमचा सल्ला विचाराल तर पिना बदलता येतील असं सुटं सिलिंडर (प्लग आणि पिना ज्यात बसतात तो कुलपाचा भाग) घ्या. दोन पिनांनी सुरू करा, जमलं की तिसरी घाला. पुढे त्याच सिलिंडरमध्ये स्पूल पिना घालता येतात. मध्ये कंबर बारीक असलेली ही पिन प्लगला थोडा फिरू देते आणि उघडलंच असं वाटत असतानाच अडकवून ठेवते. ती पहिल्या महिन्यात नकोच. खोलताना प्लग तसाच ओढू नका, स्प्रिंगा उडून सोफ्याखाली जातात. प्लगच्याच जाडीचा दांडा मागून सरकवत प्लग पुढे काढा.

सिलिंडर व्हाइसमध्ये हलकं धरा. फार आवळलं तर प्लगच जाम होतो. उघडल्यावर प्लग पूर्ण अर्धा फेरा फिरवू नका, काही सिलिंडरांत वरच्या पिना किल्लीच्या फटीत उतरतात. आणि खोबरेल तेल कृपया नको! त्यात धूळ बसून चिकटा होतो. ग्राफाइटची पूड चिमूटभर पुरते.

दोन अटी आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. कुलूप स्वतःच्या मालकीचं असावं, किंवा मालकाची परवानगी असावी. आणि स्वतःचं असलं तरी रोजच्या वापरातल्या कुलपावर सराव नको. पिना झिजल्या, वाकल्या तर रात्री दाराबाहेर तुम्हीच उभे राहाल. दुसऱ्याच्या दाराचं कुलूप 'गंमत म्हणून' उघडून दाखवायचं असेल, तर आमच्याकडे येऊ नका.

सुट्या पिना आणि स्प्रिंगा आम्ही देतो. येताना सिलिंडर आणि त्याची किल्ली दोन्ही आणा, नुसत्या अंदाजावर मापाची पिन सापडत नाही.